गोळ्यावरची सहा अक्षरं

१९५५ साल. मी बत्तीस वर्षांचा होतो, रेल्वेत पॉइंट्समन होतो, मला दोन मुली होत्या, एक सायकल होती, आणि मला वाचता येत नव्हतं. पहिल्या चार गोष्टी साऱ्या कुंभकोणम्‌ला ठाऊक होत्या. पाचवी फक्त दोघांना ठाऊक होती, माझ्या बायकोला आणि माणिक्कम्‌ला.

आता ऐंशी उलटली. हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षरं मोठी येतात, एका पानात बारा ओळी मावतात, तेव्हा कागद पुष्कळ जातो. जावो. आमची तंजावरकडची मराठी जुनी. एकदा महाराष्ट्रातला एक पाहुणा घरी जेवायला आला, तो म्हणाला, तुम्ही बखरीसारखं बोलता. मी त्याला दुसऱ्यांदा भात वाढला नाही. पण नात म्हणाली की लोकांना कळायला हवं, म्हणोन तिनं भाषा थोडी सरळ केली आहे. हट्ट माझे मी तसेच ठेवले आहेत.

माझं नाव तुळजाराव. आमचे पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात होते. काय होते यावर घरात दोन मतं आहेत. मी म्हणतो शिलेदार होते. माझी चुलती म्हणायची, हत्तीला चारा घालत. काही असो, राजवाड्यात होते. ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे, आणि जुन्याला दर आठवड्याला. म्हणोन माणिक्कम्‌नं मला कधी नावानं हाक मारली नाही. तो मला 'अरण्मनै' म्हणे. तमिळमध्ये अरण्मनै म्हणजे राजवाडा.

"या अरण्मनै. आज रथाचं चाक पंक्चर झालं वाटतं?"

मी दारासुरम्‌च्या हातमागांची खटखट ऐकत सायकलवरून घामाघूम होऊन पोचलेला असे, आणि हा वर केबिनच्या खिडकीत.

स्टेशनाचं नाव मी सांगत नाही. कुंभकोणम् सोडून तंजावरकडे निघालं की जी लहान स्टेशनं लागतात त्यांतलं एक. फलाटाच्या टोकाला लाकडी जिना, जिन्यावर केबिन, केबिनमध्ये ओळीनं बारा लीव्हर, आणि त्या बाराही लीव्हरांचा धनी माणिक्कम्. मी पाहिला तेव्हा तो पन्नाशी पार केलेला होता. बुटका, कानांत केसांचे झुपके, दंड मात्र पैलवानाचे. पाऊण मैलावरच्या सिग्नलचा हात तारेनं खाली ओढायचा, तर दंड होतातच. सिग्नलला तमिळमध्ये कैकाट्टी म्हणतात, हात दाखवणारा. माणिक्कम्‌चं म्हणणं असं, की हात दाखवायचा तर पुरता दाखवावा. अर्धा पडलेला हात हा खोट्या साक्षीसारखा. बघणारा त्याचा हवा तो अर्थ घेतो.

उन्हानं तार लांबते, मग हात अर्ध्यातच लोंबतो. म्हणोन माणिक्कम् दिवसातून तीनदा तार घट्ट-सैल करी. सगळ्यांत छळणारा लीव्हर तीन नंबरचा, लाल, सर्वांत दूरच्या सिग्नलचा. त्याला तो 'मामियार' म्हणे, म्हणजे सासूबाई. "सकाळी ताठ, दुपारी ढिली, आणि दोन्ही वेळा माझंच चुकतं." त्याची खरी सासू कधी आली आणि केबिनखालून गेली, तर हा वरून अदबीनं हात जोडी आणि हळूच तीन नंबरला म्हणे, "बहीण आली बघ तुझी."

लीव्हरला उघडा हात लावायचा नाही हा पहिला नियम. हाताच्या घामानं पोलाद गंजतं. जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, धुतलेला तुकडा हातात धरूनच लीव्हर ओढायचा. मी एकदा घाईत नुसत्या हातानं धरला. तो लीव्हर त्यानं पुसला, रॉकेलनं पुसला, पुन्हा कोरडा पुसला, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या लेकीला डोळा मारला असावा.

दुसरा नियम मला जास्त भोवला. लीव्हर बाहेर ओढलेला असला की माणिक्कम् बोलत नसे. एक शब्द नाही. सिग्नल पाडला, गाडी येते आहे, आता आपण त्या गाडीचे. ती आत येऊन उभी राहीपर्यंत आणि लीव्हर परत जागेवर जाईपर्यंत तोंड बंद. वाक्य अर्धं असलं तर अर्धं राहील.

एके दुपारी मी जिन्यावर बसलो होतो. वरून तो म्हणाला, "अरण्मनै, तुझ्या पाठीवर—" आणि घंटा वाजली. त्यानं लीव्हर ओढला आणि झालं. गाडी माल घेऊन येणारी, गोगलगाय. मी पाठ वळवून बघतो, हात मागं घालतो, उठून उभा राहतो, विचारतो, "पाठीवर काय? काय आहे?" हा खिडकीतून रुळाकडे बघतो आहे, देवळातल्या मूर्तीसारखा. पंचवीस मिनिटांनी गाडी आली, थांबली, लीव्हर परत गेला, त्यानं फडका घडी करून ठेवला आणि म्हणाला,

"—केसाळ सुरवंट आहे. आता मानेत गेला."

मला तोवर ते कळलेलं होतं. तीन दिवस मान सुजून भोपळा झाली.

"अहो, हातानं तरी खूण करायची!"

"हात रिकामा नव्हता," तो म्हणाला. "आणि सुरवंटानं माणूस मरत नाही."

आता गोळ्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचा मार्ग एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणोन स्टेशन मास्तरांच्या खोलीत दोन लोखंडी यंत्रं असत, एक अलीकडच्या स्टेशनाशी तारेनं जोडलेलं, एक पलीकडच्या. पुढच्या स्टेशनाच्या मास्तरानं तिकडून होकार दिला की यंत्रातून मोसंब्याएवढा पोलादी गोळा बाहेर पडे. तो कातडी पिशवीत घालायचा, पिशवीला वेताचं मोठं कडं, ते कडं पॉइंट्समननं ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. तो गोळा म्हणजे पुढच्या तुकड्याचा परवाना. गोळा नाही तर गाडी हलायची नाही. पुढं पोचल्यावर तो तिथल्या यंत्रात टाकला, की मगच त्या तुकड्यासाठी दुसरा निघणार. किती साधी आणि शहाणी योजना! ज्यानं केली तो मोठा माणूस. फक्त त्यानं माझा विचार केला नव्हता.

कारण गोळ्यावर सहा इंग्रजी अक्षरं कोरलेली असत, तीन या टोकाच्या स्टेशनाची आणि तीन त्या टोकाच्या. देताना पॉइंट्समननं ती मोठ्यानं वाचायची, ड्रायव्हरनं परत म्हणायची. मी काय केलं असेल? पाठ केली. गाडी तंजावरकडे निघालेली असली की ही सहा, कुंभकोणम्‌कडे निघालेली असली की ती सहा. गोळा हातात घ्यायचा, भुवया आवळायच्या, किंचित लांब धरायचा आणि खणखणीत म्हणायचं. मास्तर म्हणत, "राव, साऱ्या लाइनीत तुझ्याएवढं स्पष्ट वाचणारा नाही." मी मान डोलवत असे. खरं सांगतो, काही दिवशी मलाच वाटे की मी वाचतो आहे.

खात्याचे कागद येत, नियम येत, खाली सही करायची. सही मला येत होती. आजोबांनी मोडीत शिकवली होती, झोकदार, शेवटी मोठा फाटा. ती कुणालाच वाचता येत नसे म्हणोन सगळे माझ्याकडे आदरानं बघत.

माणिक्कम् सोडून. त्यानं एकदा पाटीवर तमिळमध्ये काही लिहिलं आणि मला म्हणाला, "अरण्मनै, वाच बघू, बरोबर लिहिलंय का?"

"डोळ्यात कोळसा गेलाय," मी म्हणालो.

इंजिनं कोळशाची, कण उडत, हे कारण चालून गेलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं वर्तमानपत्राचा कागद पुढं केला. पुन्हा कोळसा. तिसऱ्या वेळी त्यानं मला उजेडात उभं केलं, पापणी वर केली, वेष्टीच्या टोकाला पीळ घालून डोळ्याचा कोपरा पुसला आणि म्हणाला, "काही नाही यात. स्वच्छ आहे."

मग खाली बसला आणि पान लावत हळूच बोलला, "पाटीवर लिहिलं होतं, 'हे वाचणारा गाढव'. तू रागावला नाहीस तेव्हाच कळलं."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"ऐक," तो म्हणाला. "मलाही शाळा नाही. तमिळ असंच इकडून तिकडून शिकलो, आणि ही इंग्रजी अक्षरं चाळिसाव्या वर्षी, मालगाडीच्या डब्यांवर बघून. इंग्रजी मला आजही कळत नाही, पण अक्षर दिसलं की ओळखतो. तू तेवढंही करू नकोस. सहा आणि सहा, त्यातली तीन दोन्हीकडे सारखीच. नऊ अक्षरं शीक. नऊ दिवस. रोज दुपारी वर ये."

"मला गरज नाही. मला वजनावरून गोळा कळतो."

"वजनावरून?"

"हातात घेतला की कळतो."

"सगळे गोळे एका वजनाचे आहेत, अरण्मनै."

"तुम्हाला वाटत असतील. आमचे पणजोबा—"

"पणजोबा येणार आहेत का गोळा वाचायला?"

मी जिना उतरून खाली आलो आणि आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्यानं आणखी दोनदा विचारलं, दोन्हीदा मी राजवाडा मध्ये आणला. मग त्यानं विचारणं सोडलं, आणि कुणाला सांगितलंही नाही. अशी तीन वर्षं गेली. ज्या माणसाकडून नऊ अक्षरं घ्यायला मला लाज वाटली, त्याच्या डब्यातला ताकभात मात्र मी तीन वर्षं खाल्ला. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

तो दिवस साधा होता. सकाळी तंजावरकडे एक पॅसेंजर जाई, तिला आम्ही 'कोर्ट गाडी' म्हणत असू. काळे कोट घातलेले वकील, कारकून, कॉलेजची मुलं, विड्याच्या पानांचे भारे. रोज तीच माणसं, त्याच डब्यात, त्याच जागी. ही गाडी आली की मी ड्रायव्हरकडून आलेला गोळा मास्तरांकडे नेऊन देई. ते तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवून घेत. पुढच्या तुकड्याचा नवा गोळा उजव्या कोपऱ्यावर तयार असे. तो मी उचलून ड्रायव्हरला देई. नियमाप्रमाणे मास्तरांनी तो माझ्या हाती द्यायला हवा. पण आम्ही दोघेही इतके हुशार होतो की डावा-उजवा कोपरा आम्हाला पुरत असे.

त्या दिवशी समोरून, तंजावरकडून, दुसरी गाडी आधीच निघालेली होती. म्हणजे पुढच्या तुकड्याचा गोळा निघणं शक्यच नव्हतं. ती गाडी आमच्या दुसऱ्या रुळावर येऊन उभी राहणार आणि मगच कोर्ट गाडी सुटणार. मास्तरांनी मला हे सांगितलं. मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो. ऐकलं नाही. एका नव्या वकिलानं खिडकीतून मला विचारलं होतं, "तुम्ही मराठे का?" आणि मी पणजोबांच्या घोड्यावर चढलेला होतो.

शिवाय डाव्या कोपऱ्यावर फणस होता. पट्टीश्वरम्‌हून कुणी मास्तरांना आणून दिलेला, चांगला गाढवाच्या डोक्याएवढा. मी आणलेला गोळा ठेवायला तिथं जागा नव्हती, म्हणोन मास्तरांनी तो उजवीकडे ठेवला. यंत्रात टाकणार तोच टेलिफोन वाजला आणि ते तिकडे वळले. मी वकिलाला घोडा दाखवून परत आलो, उजव्या कोपऱ्यावर कडं दिसलं, उचललं आणि निघालो.

ड्रायव्हर वर खिडकीत. मी गोळा काढला, भुवया आवळल्या, लांब धरला आणि तंजावरकडची सहा अक्षरं खणखणीत म्हटली. गोळ्यावर कुंभकोणम्‌कडची होती. तोच गोळा तो दहा मिनिटांपूर्वी घेऊन आला होता. त्यानं माझ्यामागून सहा अक्षरं म्हटली, बघितलं नाही. का बघावं? साऱ्या लाइनीत माझ्याएवढं स्पष्ट वाचणारा नव्हता. गार्डनं हिरवं निशाण दाखवलं आणि कोर्ट गाडी हलली.

तिकडे केबिनमध्ये माणिक्कम्‌नं समोरच्या गाडीसाठी रूळ जोडून ठेवले होते, सिग्नल पाडले होते. तीन लीव्हर बाहेर होते. पलीकडे नारळांच्या मागं त्या गाडीचा धूर दिसू लागला होता. आणि इकडून कोर्ट गाडी त्याच तोंडाशी चाललेली.

तेव्हा मी माणिक्कम्‌चा आवाज ऐकला. लीव्हर बाहेर असताना त्याच्या तोंडून निघालेला पहिला आणि एकुलता एक आवाज.

"निल्लु! निल्लु!"

थांब, थांब. दोन सिग्नल त्यानं धाडकन वर केले, रूळ जोडणारा काळा लीव्हर तसाच बाहेर टाकला, फडकाही न घेता, आणि लाल निशाण घेऊन जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आला. आवाज असा, की पानांच्या भाऱ्यांवर बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारले. इंजिन रुळांच्या सांध्यापासून दोन हातांवर थांबलं. दूरच्या गाडीनं सिग्नलपाशी उभं राहून लांब शिट्टी दिली, 'काय झालं हो?' असं विचारल्यासारखी.

डब्यांतून काळे कोट बाहेर डोकावले. कुणाच्या अंगावर कॉफी सांडली होती, तो भरपाईचा कायदा सांगत होता. नवा वकील मला शोधत होता. मी पाण्याच्या टाकीमागे होतो.

माणिक्कम् मला तिथून घेऊन आला, दंडाला धरून. त्यानं ड्रायव्हरकडून कडं मागितलं, गोळा काढला, तळहातावर ठेवला आणि एकेक अक्षर वाचलं, सावकाश, सहाही. ड्रायव्हर पांढरा पडला. माणिक्कम् धापा टाकत होता. गोळा पिशवीत घालून तो मास्तरांच्या खोलीकडे निघाला.

दुपारी मास्तरांनी खोलीचं दार लावून घेतलं. मास्तर वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना चार मुलं होती. ते म्हणाले, "उद्या साडेसातला इन्स्पेक्टर ट्रॉलीनं येतोय. गाडी पंधरा मिनिटं का अडली, विचारणार. माणिक्कम्, एक ओळ लिहून दे. तीन नंबरची तार ढिली पडली, सिग्नल नीट पडला नाही, म्हणोन गाडी थांबवली. ड्रायव्हर कबूल आहे. कुणाचं काही जात नाही."

"तार ढिली नव्हती," माणिक्कम् म्हणाला.

"मला ठाऊक आहे रे ढिली नव्हती!"

"मग कसं लिहू?"

"अरे, या रावाची नोकरी जाईल. त्याला दोन मुली आहेत."

माणिक्कम्‌नं माझ्याकडे पाहिलं. "मी काय झालं ते लिहिणार. याला अक्षर येत नाही तेही. आणि मला ते तीन वर्षं ठाऊक होतं, मी गप्प राहिलो, तेही लिहिणार."

मास्तर उभेच राहिले. "याला वाचता येत नाही?" मग माणिक्कम्‌कडे वळून, "आणि तुझं काय? सात महिने राहिलेत तुझे निवृत्त व्हायला. तीस वर्षांत तुझ्या नावावर एक वाईट ओळ नाही. हे लिहिलंस तर शिक्षा तुलाही होईल."

"होऊ दे."

मी त्याच्यामागून केबिनमध्ये गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण मी भांडायला गेलो होतो.

"तुम्हाला माझ्या मुलींची दया नाही."

"आहे. आज गाडीत दोनशे माणसं होती, त्यांच्याही मुली असतील." तो लीव्हर पुसत होता. "एक काम कर. उद्या इन्स्पेक्टरला तूच सांग. वाचता येत नाही, एवढंच. मी सांगितलं तर तो गुन्हा. तू सांगितलंस तर ती कबुली. खात्यात त्याला फरक आहे."

"मी? मी सांगू? आमच्या घराण्यात—"

"तुझं घराणं मला तोंडपाठ आहे, अरण्मनै. तीन शब्द तेवढे तू पाठ कर."

"मी सांगणार नाही. तुम्हाला करायचं ते करा."

"सरी," तो म्हणाला.

संध्याकाळी सायकलवरून घरी निघालो, तर रुळाकडेच्या पायवाटेवर तो पुढं चाललेला दिसला, कुंभकोणम्‌च्या दिशेनं. अंगात इस्त्रीचा कोट. त्याचं घर उलट्या बाजूला. कुंभकोणम् स्टेशनाशेजारी इन्स्पेक्टरचं क्वार्टर, हे मला ठाऊक होतं. माझं डोकं पेटलं. सकाळपर्यंत धीर नाही याला! चुगली करायला कोट घालून निघाला! मी सायकल पानमळ्याच्या कुंपणाआड घातली आणि त्याला मराठीत शिव्या दिल्या, आमच्या जुन्या, बखरीतल्या. तो सिग्नलच्या खांबापाशी थांबला. मान वर करून हात नीट आहे ना पाहिलं, तार पायानं जरा दाबून पाहिली, आणि पुढं गेला. झपझप, किंचित वाकडा, सकाळी जिन्यावर पाय मुरगळला होता म्हणोन.

माणिक्कम् मला दिसला तो तेवढा शेवटचा. मला दुसऱ्याच दिवशी परस्पर गावाबाहेरच्या एका रेल्वे फाटकावर पाठवलं, तिथं मी अकरा वर्षं काढली. तो निवृत्त होऊन विरुद्धाचलम्‌ला लेकीकडे राहायला गेला. भेटायला जायचं असं मी दर पोंगलला ठरवत असे. अभिमानाला रजा मिळत नसे.

त्या संध्याकाळी घरी मी बायकोला सारं सांगितलं, माणिक्कम्‌ला मधून मधून चांडाळ म्हणत. ती तांदूळ निवडत होती.

"मग सांगून टाका की," ती म्हणाली. "मला लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं. मी मेले का?"

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही पत्रिका उलटी धरून शुभ मुहूर्त वाचून दाखवत होतां. इतकं छान वाचत होतां, मध्ये कशाला बोलूं?"

मी जेवलो नाही. मला झोप लागली नाही ती पश्चात्तापानं नव्हे. माझी गोष्ट दुसरा कुणी सांगतो आहे, आणि ती माझ्यापेक्षा वाईट सांगत असणार, हे मला सहन होत नव्हतं. पहाटेपर्यंत ठरलं. माझी फजिती मीच सांगणार. आणि त्या गोष्टीत माणिक्कम्‌ला जागा देणार नाही. त्याला वाचवायला नव्हे. माझ्या गोष्टीत मला तो नको होता.

सकाळी सहाला मी इन्स्पेक्टरच्या दारात उभा होतो. ते ओट्यावर वेष्टी नेसून कॉफी पीत होते.

मी म्हटलं, "मी तुळजाराव, पॉइंट्समन. काल गोळा मी चुकीचा दिला. मला वाचता येत नाही. हे कुणालाही ठाऊक नव्हतं."

किती वेळ लागला? कॉफीचा एक घोट. तीन वर्षं ज्याला भीत होतो ते एका घोटात झालं.

इन्स्पेक्टरनी पेला खाली ठेवला. "कुणालाही?"

"कुणालाही."

ते आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले, गोंदानं चिकटवलेलं. "माणिक्कम् काल संध्याकाळी हे ठेवून गेला. म्हणाला, राव सकाळी स्वतः येईल. आला तर हे त्यालाच द्या. नाही आला तर सातला उघडा." त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं. "वीस वर्षं ओळखतो त्याला, म्हणून उघडलं नाही. मी इन्स्पेक्टर आहे की पोस्टमन, हे त्याला एकदा विचार. आता फलाटावर जाऊन बस. मी ट्रॉलीनं तिकडे जाऊन परत आलो की बोलावतो."

मी येईन हे त्याला ठाऊक होतं. मला पहाटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

फलाटावरच्या बाकावर बसलो आणि पाकीट फोडलं. एक पान, तमिळमध्ये, वरपासून खालपर्यंत भरलेलं. मी भुवया आवळल्या. थोडं लांब धरलं. मग खाली ठेवलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पितळी भांड्यांचं गाठोडं पायाशी घेऊन एक म्हातारा व्यापारी बसला होता. मी त्याच्याजवळ सरकलो.

"ऐया, एवढं वाचून दाखवता का? मला वाचता येत नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाचू लागला.

"इन्स्पेक्टर ऐयांना नमस्कार. काल झालं त्यात पॉइंट्समन तुळजाराव याचा दोष अर्धा आहे. अर्धा माझा. त्याला अक्षर येत नाही हे मला तीन वर्षं ठाऊक होतं. मी शिकवतो म्हणालो, तो नको म्हणाला, मी थांबलो. मी थांबायला नको होतं. माणूस मेहनती आहे. डोकं कठीण आहे, पण आत एकदा गेलेलं बाहेर पडत नाही. शिक्षा द्याल ती दोघांना सारखी द्यावी."

खाली त्याचं नाव. म्हाताऱ्यानं कागद परत पुढं केला.

"पुन्हा एकदा वाचा," मी म्हटलं. "सावकाश. आणि बोट ठेवून वाचा, कुठलं अक्षर कुठं आहे ते मला दिसू दे."